‘इतिहासात प्रथमच’ लिहिण्याची पूर्वतयारी

भारताच्या महिला फुटबॉल संघाचं कौतुक करायची वेळ माणसावर सांगून येत नाही. ५ जुलै २०२५ ला अशीच आली. थायलंडमध्ये चिआंग माईला आपल्या मुलींनी यजमानांनाच २-१ असं हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरनं मारले आणि २०२६ च्या आशिया कपसाठी ऑस्ट्रेलियाचं तिकीट पक्कं झालं. बघता बघता ग्रुपवर तिरंगे पडू लागले, फुलं पडू लागली, जोडलेले हात पडू लागले. आणि तुम्ही? अंगठा मोबाइलवर धरून बसलेले. नाव कुणाचं टाकायचं? हा संघ याआधी कधी खेळला होता? खेळतो म्हणजे नेमका कुठे खेळतो?

अशी फजिती पुन्हा होऊ नये म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. पहिली, आणि तेवढी एकच जमली तरी पुरे: ‘इतिहासात प्रथमच’ हे दोन शब्द पाठ करा. बाकी काही माहीत नसलं तरी चालतं. पात्रता फेरी खेळून आशिया कप गाठण्याची ही खरोखरच पहिली खेप होती, त्यामुळे कुणी हटकणारही नाही. मात्र या दोन शब्दांचं एक पथ्य आहे. ते शोभायचे तर मागचा इतिहास कोरा हवा. आणि इतिहास आपोआप कोरा राहत नाही, अंगणासारखा रोज झाडावा लागतो.

झाडायला १९७५ पासून घ्या. त्या साली देशात महिला फुटबॉलची वेगळी संघटना निघाली. मोठ्या महासंघाच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, वाड्याबाहेर टाकलेलं हे छप्पर. त्या छपराखालच्या मुलींनी पाचेक वर्षांत काय केलं, तर १९७९-८० च्या आशियाई स्पर्धेत थेट फायनल गाठली. स्पर्धा आपल्याच देशात, कालिकतला. यजमानांचा उत्साह एवढा की एक सोडून दोन भारतीय संघ उतरवले, एक ‘एस’ आणि एक ‘एन’. ‘एस’वाल्या फायनलला चिनी तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, हरल्या. पुढच्या खेपेला, १९८१ ला हाँगकाँगमध्ये, तिसरा नंबर. १९८३ ला पुन्हा फायनल, या वेळी थायलंडमध्ये, थायलंडशीच. हरलो.

म्हणजे चिआंग माईला जी बाकी वसूल झाली, ती बेचाळीस वर्षांपूर्वीची होती. पण हे लिहू नका. लिहिलंत की ‘प्रथमच’चं तेज उतरतं.

कुणी चिकित्सक भेटलाच आणि म्हणाला, अहो, दोनदा आशियाई उपविजेते होतो आपण, तर त्याच्यासाठी उत्तर तयार ठेवा: ‘तेव्हा चीन कुठे खेळत होता?’ उत्तर बिनतोड आहे. चीन या स्पर्धेत आला १९८६ ला. मैदानात मोजके देश होते, त्यात दुसरं येणं म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून विषय मिटवा. फक्त हा हिशेब फुटबॉलपुरता ठेवा. त्याच १९८३ साली लॉर्ड्सच्या सज्जात जो कप उचलला गेला, त्या स्पर्धेत एकूण देश आठच होते, हे कुणाच्या डोक्यात येता कामा नये. १९८३ म्हटलं की सज्जा. थायलंड नाही.

इथे परक्या मुलखातली एक गोष्ट सांगायला हरकत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं १९२१ मध्ये ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपल्या सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. आदल्याच वर्षी लिव्हरपूलला बायकांच्या एका सामन्याला पन्नास हजारांवर माणूस लोटला होता. बंदी पन्नासेक वर्षं टिकली. वेडी माणसं! आता पुरावा राहिला ना. शंभरीला लेख आले, हळहळ आली. आपल्याकडे असा कच्चा कारभार नाही. आपण कधी कुणावर बंदी घातली नाही. बंदी घालायची तर सभा बोलवावी लागते, कागद होतो, सही लागते. त्यापेक्षा सामने ठरवायचे राहून गेले, हे बरं. राहून गेलं याची इतिवृत्तात नोंद होत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला ती वेगळी संघटना मोडून महिला फुटबॉल मोठ्या महासंघाकडे आलं. मुलगी मोठ्या घरी पडली, सगळ्यांना बरं वाटलं. मोठ्या घरी पडलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे. समारंभाला पुढे, एरवी माजघरात. २००९ मध्ये फिफानं भारतीय महिला संघाचं नाव क्रमवारीतून काढून टाकलं. हरल्यामुळे नव्हे हो. हरायला समोर कुणीतरी लागतं. तेव्हा नियम असा होता की दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही की नाव उडायचं. शाळेत सलग गैरहजर राहिलेल्या पोराचं हजेरीपटावरून उडतं तसं. फरक एवढाच की इथे पोरं वर्गाच्या दारात उभी होती आणि मास्तरच आले नव्हते.

आता थोडी परीक्षा. उद्या कट्ट्यावर हा प्रश्न टाका: भारताचा कुठला राष्ट्रीय संघ २०१४ मध्ये पाकिस्तानात, ऐन इस्लामाबादेत जाऊन स्पर्धा जिंकून आला? कट्ट्यावर आधी शांतता, मग हॉकी, मग कबड्डी, मग ‘काहीतरी फेकू नकोस’. उत्तर महिला फुटबॉल. दक्षिण आशियाई स्पर्धा, म्हणजे सॅफ, फायनलला नेपाळवर सहा गोल. क्रिकेटवाल्यांनी हे केलं असतं तर विमानतळापासून गल्लीपर्यंत आपण नाचलो असतो. सॅफ स्पर्धा २०१० ला सुरू झाली आणि २०१९ पर्यंतच्या पाचही भारतानं जिंकल्या. पाचही! यावर काय म्हणायचं? ‘त्या भागात आहेच कोण?’ मग २०२२ आणि २०२४ ला सेमीफायनलला नेपाळनं हरवलं आणि दोन्ही वेळा कप बांगलादेशानं नेला. तेव्हा काय म्हणायचं? ‘एवढ्याशा देशांकडून हरतात!’ दोन्ही वाक्यं एकाच खिशात ठेवा, फक्त एकाच दिवशी काढू नका.

पुरस्कारांचं सोपं आहे. शांती मलिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. दुसरा मिळाला मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवींना, २०१७ मध्ये. मधली वर्षं चौतीस. शांतीताईंच्या पुरस्काराच्या दिवशी जन्मलेली मुलगी तोवर खेळून, निवृत्त होऊन, स्वतःच्या मुलीला मैदानावर सोडायला जात असेल. चौतीस वर्षांनी पुरस्कार आला की त्याला ‘दखल घेतली’ म्हणायचं. ‘उशीर’ हा शब्द रेल्वेसाठी राखून ठेवा.

मणिपूरचं नाव निघालंच आहे तर सांगतो. खेळाडूंची नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. नाव नीट उच्चारता आलं नाही की ‘ईशान्येकडच्या मुली फार काटक असतात’ म्हणा, अख्खा संघ त्यात बसतो. ङांगोम बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून खेळायला गेली, तिथे गोल मारला. मनीषा कल्याण पंजाबची, सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, तिथवर पोचलेली पहिली भारतीय. अशा वेळी ‘भारताची मेस्सी’ लिहावं. नाव राहून गेलं तरी चालतं, मेस्सी सगळ्यांना कळतो.

याच मनीषानं नोव्हेंबर २०२१ मध्ये मनाउसला ब्राझीलविरुद्ध गोल मारला होता. सामना ब्राझीलच्या फोर्मिगाच्या निरोपाचा. सात विश्वचषक खेळलेली बाई ती, तिच्यासाठी स्टेडियम सजलेलं. आणि आठव्या मिनिटाला स्कोअर १-१! काही मिनिटं का होईना, भारत ब्राझीलशी ब्राझीलमध्ये बरोबरीत होता. शेवट ६-१ झाला. तुम्ही ६-१ लक्षात ठेवा. तसाच ऑक्टोबर २०२२ चा १७ वर्षांखालील विश्वचषक, आपल्याच देशात, पहिल्याच सामन्यात अमेरिकेकडून ०-८. हे आकडे जिभेवर हवेत, वादात फार उपयोगी पडतात.

आता आपल्या घरचं. हे जरा सावकाश वाचा, कारण विसरण्यातलं सगळ्यात वरच्या दर्जाचं काम आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे.

जानेवारी २०२२. महिलांचा आशिया कप भारतात. मैदानं तीन: नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, अंधेरीची मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याचं बालेवाडी. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश. क्वार्टर फायनल गाठली की विश्वचषकाचं दार किलकिलं होणार होतं. २० तारखेला पहिला सामना, इराणशी. मी घरी टीव्हीसमोर होतो. आपल्या मुली हल्ल्यावर हल्ले करत होत्या आणि इराणची कीपर सगळं परतवत होती. शेवटी ०-०. मी वैतागून टीव्ही बंद केला. म्हटलं, असू दे, पुढचा आहे की.

पुढचा नव्हताच. २३ तारखेला चिनी तैपेईशी सामना. त्याआधी चाचण्या झाल्या आणि डझनभर खेळाडू कोरोना पॉझिटिव्ह निघाल्या. नियमानं किमान तेरा जणी हव्या होत्या, तेवढ्या उभ्या राहीनात. सामना झाला नाही. यजमान संघ आपल्याच स्पर्धेतून ‘माघार घेतली’ या सदरात गेला. मांडव आपला, आचारी आपला, पाहुणे जेवायला बसलेले आणि वधूच घरी पाठवलेली.

पण कमाल पुढे आहे. माघार घेतलेल्या संघाचे सगळे सामने नियमानुसार रद्दबातल ठरतात. म्हणजे तो इराणचा ड्रॉसुद्धा पुसला गेला. नव्वद मिनिटं धावून मिळवलेलं शून्यही हिशेबातून गेलं. मी स्वतः पाहिलेला सामना झालाच नाही असं अधिकृतरीत्या ठरलं! आपण घरोघरी इतकी वर्षं हौसेनं जे विसरतो, ते इथे नियमावलीतल्या कलमानं करून दाखवलं. मला तर गुरू भेटल्यासारखं झालं. ६ फेब्रुवारीला त्याच डी. वाय. पाटीलवर चीननं दक्षिण कोरियाला ३-२ हरवून कप नेला.

त्याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, ते आठवतंय. मलाही आठवतंय. रडलो होतो. त्या रात्री ‘आता देशातल्या सगळ्या महिला खेळांचे दिवस पालटणार’ असं कुणी लिहिलं असेल तर ते जपून ठेवा, पुढच्या वेळी तारीख बदलून वापरता येईल.

त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफानं भारतालाच निलंबित केलं. तेव्हा गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना खेळू दिलं नाही. दहा-अकरा दिवसांत निलंबन उठलं, पण मुलींची स्पर्धा हुकायची ती हुकलीच. भांडण सासरच्यांचं, उपास सुनेला.

गोव्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मेमॉल रॉकी ही त्यांची बाई राष्ट्रीय संघाची मुख्य प्रशिक्षक होती, हे तिथे चार जणांना तरी ठाऊक असेल. कोल्हापूरकरांचीही मी परीक्षा घेऊन पाहिली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघानं दिलबहार तालमीला कुठल्या मिनिटाला गोल मारला हे दहा वर्षांनंतरही सांगणारा एक मित्र आहे. त्याला म्हटलं, महिला संघातल्या तीन खेळाडूंची नावं सांग. तो म्हणाला, ‘चहा घेणार काय?’ हे उत्तर टिपून घ्या. कुठल्याही प्रश्नाला चालतं.

क्रमवारीचा विषय मात्र टाळाच. २०२५ मध्ये बायका सत्तरच्या आसपास आणि पुरुष शंभराच्या बरेच पलीकडे होते. फारच अंगावर आलं तर म्हणा, बायकांमध्ये खेळणारे देशच कमी. तेवढ्यावर निभावेल.

एवढी तयारी असूनही माझी मात्र परवा पंचाईत झाली. आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलींना फुटबॉलसाठी सकाळी सहा ते सात अशी वेळ मिळालेली आहे. सातला क्रिकेटवाले येतात, मग स्टंप कुठे ठोकायचे यावर वाद नको म्हणून सहा पन्नासलाच मुली आवरायला घेतात. टी-शर्ट मुलांच्या टीमचे उरलेले. माझ्या पुतणीचा गुडघ्यापर्यंत येतो, पाठीवर ‘रोहन’ लिहिलंय. गोल म्हणजे दोन चपला, एक हिची, एक कीपरची.

मी दूध घेऊन येत होतो. पुतणी धावत आली. ‘काका, आपण आशिया कपला आता पहिल्यांदाच जिंकत जिंकत गेलो ना? मी प्रोजेक्टमध्ये लिहू?’

‘लिही की,’ म्हटलं. ‘इतिहासात प्रथमच.’

‘मग त्याच्या आधी त्या काय करत होत्या?’

मी म्हटलं, चहा घेऊन येतो. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कीपरला हाक आली, क्लासला उशीर होतोय. ती चप्पल घालून निघून गेली. गोलाचा एक खांब गेला. मुली थोडा वेळ उरलेल्या चपलेकडे बघत उभ्या राहिल्या. मग पुतणीनं दप्तरातली पाण्याची बाटली काढली आणि दुसऱ्या टोकाला उभी केली. बाटली चपलेपेक्षा बारीक, त्यामुळे गोल चार बोटं मोठा झाला यावर भांडण सुरू झालं, आणि मी दूध नासायच्या आत घरी आलो.