कॅमेऱ्याने वजाबाकी केलीच नव्हती

मेकॅनिकल कॅमेऱ्यांच्या शौकिनांत एक विनोद पंचवीस वर्षं फिरतो आहे: ‘माझ्या कॅमेऱ्याला वायटूकेची भीती नाही, त्यात कॉम्प्युटरच नाही.’ वायटूके म्हणजे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणारे कॉम्प्युटर २००० साल लागताच ‘००’मुळे गोंधळतील, हा धोका. विनोद छान आहे. हल्ली मात्र त्याला शेपूट जोडलं जातं: ‘१ जानेवारी २००० ला काहीच बंद पडलं नाही, वायटूके हे कंपन्यांचं थोतांड होतं.’ मी निकॉन एफएम२ वापरतो, आणि हे शेपूट मला मुळीच मान्य नाही.

आधी कॅमेरा. एफएम२चं शटर स्प्रिंगवर चालतं. सेल लागतात ते लाइट मीटरला. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख उमटवणारे डेट बॅक होते, पण तेही वर्षाचे दोन आकडे फिल्मवर छापून मोकळे व्हायचे. ९९नंतर ०० छापलं की झालं. वायटूकेचा घोळ वजाबाकीत होता. १९६५चा जन्म ‘६५’ असा साठवला असेल, तर ००मधून ६५ वजा करून वय काय निघणार?

‘काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांनी शेफील्डचं प्रकरण वाचावं. इंग्लंडमधल्या या शहरात गर्भवतींच्या रक्ततपासणीवरून बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता कॉम्प्युटर काढत असे. आईचं वय वाढतं तशी ही शक्यता वाढते, म्हणून वय अचूक हवं. जानेवारी २०००पासून ते चुकत गेलं. मे महिन्यात चूक सापडेपर्यंत १५४ बायकांना चुकीचा निकाल मिळाला होता. पडदा काळा झाला नाही, धूर निघाला नाही; निकालाचे कागद नेहमीसारखेच हातात पडत होते.

विमानं कोसळतील ही भीती अवास्तव होती, हे मान्य. पण एरवी फारसं बिघडलं नाही ते दुरुस्तीमुळे. कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅमची ओळन्‌ओळ वाचायची, तारखेची प्रत्येक जागा शोधायची, बदलायची, पुन्हा तपासायची. त्यात भारतीय इंजिनिअरांचा वाटा मोठा होता. टीसीएसने चेन्नईत त्यासाठी खास केंद्रच उभारलं होतं. त्या कष्टांना थोतांड म्हणणं हा अन्याय आहे.

आणि कॅमेऱ्यांत तारखेचा दोष नव्हता असंही नाही. कॅनन ईओएसच्या कित्येक डेट मॉडेलांचं कॅलेंडर २०१९पर्यंतच आहे. त्यांत आज खरं वर्ष लावताच येत नाही. त्यांची चिप बदलून द्यायला कोणी बसलं नाही.