लिंबू पिळून ब्लूबेरी हिरवी होत नाही

इंदुरात सध्या एक नुस्खा या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे: ‘नव्या ब्लूबेरीची पानं पिवळी पडली म्हणजे लोह कमी. कॉफीचा चोथा, चमचाभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि लिंबू पिळलेलं पाणी द्या, आठ दिवसांत झाड हिरवंगार.’

‘पिवळी म्हणजे लोह कमी.’ कुठलं पान पिवळं झालंय, ते आधी बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांवर हिरव्या शिरांची जाळी उठून दिसत असेल, तर लोह. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या-लालसर आणि मध्ये देठाकडे हिरवा त्रिकोण उरलेला, तर मॅग्नेशियम. खालची पानं शिरांसकट फिकी, तर नत्र. आणि कडा तपकिरी होऊन चुरचुरत असतील तर क्षार जास्त झालेत, नाहीतर मुळाशी पाणीच पोचत नाहीये. लोहाच्या बाबतीतही ते मातीत नसतं असं नाही. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच पीएच लागतो (पीएच म्हणजे आम्लपणाचा आकडा: जितका कमी, तितकी माती आम्ल). माळव्याची काळी माती साधारण साडेसात ते साडेआठची. तिथे लोह असूनही मुळांना घेता येत नाही.

‘कॉफीचा चोथा आम्ल असतो.’ आम्ल बरंचसं कपात उतरतं, उरलेला चोथा जवळजवळ उदासीन. जाड थर दिलात तर त्याची पापडी धरते, वरून पाणी वाहून जातं.

‘एप्सम सॉल्ट.’ मॅग्नेशियमच कमी असेल तर उपयोगी, हे खरं. पण त्याने पीएच उतरत नाही, आणि ब्लूबेरीच्या मुळांना केसमुळं नसल्याने जास्तीचे क्षार त्यांना सोसत नाहीत.

‘लिंबू.’ कुंडीतली कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुना आहे, आणि लिंबाचं आम्ल तो तिथल्या तिथे खाऊन टाकतो. गंधकाने पीएच उतरतो, पण ते काम जिवाणूंचं. त्याला महिने लागतात, आठ दिवस नव्हे.

नुस्ख्यात मुळांचं नावही नाही, आणि नव्या रोपाचं दुखणं बहुधा तिथेच असतं. रोप कुंडीतून अलगद काढून नर्सरीच्या गड्ड्यात (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात) बोट खुपसा. बाहेरची माती ओली आणि गड्डा आतून खडखडीत कोरडा, हे हमखास सापडतं. पाणी त्याला वळसा घालून निघून जातं. असा गड्डा अर्धा तास बादलीत बुडवा, बाहेरची गुंतलेली मुळं बोटांनी मोकळी करा, मग लावा. मुळं काळी, बुळबुळीत, कुबट वासाची निघाली तर कूज आहे. तिथे खत घालणं म्हणजे आगीत तेल.

मुळं ठीक असतील तर एक वाटी माती दोन वाट्या डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, अर्ध्या तासाने पीएचपट्टी बुडवा. सहाच्या वर आला तर काळ्या मातीचा नाद सोडा: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे), मिळाली तर एक भाग पाइनची साल. नवी पालवी फुटेपर्यंत खत नको. नंतर २० लिटरच्या कुंडीला तीन आठवड्यांनी एकदा ५ लिटर पाण्यात ३ ग्रॅम अमोनियम सल्फेट, तेही माती ओली असताना.

बोरिंगचं पाणी जड असतं, ते पुन्हा पीएच वर नेतं. सियागंजच्या किराणा बाजारात टाटरी (सायट्रिक आम्ल) मागा. आम्ल लिंबातलंच, पण इथे ते मातीसाठी नव्हे, पाण्याचा पीएच उतरवायला: पट्टी ५ ते ५.५ दाखवेपर्यंत बादलीत चिमूट-चिमूट घाला. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याहून छान. आरओ फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र या झाडाला कधीच देऊ नका, सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

पौष-माघाच्या गारठ्यात पानं लाल झाली तर काही करू नका. इतर वेळी गुण आला की नाही ते जुन्या पानांवर शोधू नका. यानंतर फुटणाऱ्या पहिल्या दोन-तीन पानांचा रंग बघा.