खुलासा : कॅलिफोर्नियाच्या वाहतूक निधीतली उचल

‘कॅलिफोर्निया सरकारने वाहतूक निधीतून उसने घेतलेले पैसे सरळ बुडवले’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. तुटीच्या वर्षांत सरकारने या पैशाला हात घातला हे खरं, आणि त्याचा राग येणं रास्तच. पण पेट्रोलवरच्या विक्रीकरातली रोखून धरलेली रक्कम ३० जून २०१६पर्यंत फेडायचं बंधन मतदारांनी २००६ मध्येच जनमताच्या कौलाने घातलं. २०१० मध्ये त्यांनी अशा उचलीला चाप लावला. २०१७च्या राज्य कायद्यात, याहून वेगळ्या जुन्या उचलीतले थकीत ७०.६ कोटी डॉलर तीन वर्षांत परत करण्याची तरतूद झाली; त्यातले २५.६ कोटी रेल्वे-बसच्या वाट्याला, बाकीचे रस्त्यांना. मात्र याला कुणी ‘नवा निधी’ म्हणत असेल तर तेही साफ चूक. ही निव्वळ परतफेड आहे.