पोरोसिटी 22 टक्के, तरी तेलविहीर का अडते?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: लॉगवर (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या खडकाच्या नोंदीवर) 22 टक्के पोरोसिटी, म्हणजे खडकातल्या पोकळ जागेचं प्रमाण, दिसली की विहीर चाललीच पाहिजे, नाही चालली तर दोष ड्रिलिंगवाल्यांचा, आणि पर्मिएबिलिटीचं (खडक द्रवाला किती सहज वाहू देतो त्याचं) मी उगाच पाल्हाळ लावलं. ड्रिलिंगवाल्यांबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात, तिकडे येतोच. आधी 22 टक्क्यांचं बघू.

हा आकडा खडकात जागा किती एवढंच सांगतो. त्या जागेत तेल किती आणि पाणी किती, हेसुद्धा त्यातून कळत नाही. तेल वाहणार की नाही हे ठरतं पोकळ्यांना जोडणाऱ्या अरुंद गळ्यांवर. खडक म्हणजे सरळ नळ्यांची मोळी आहे असं धरलं, तर पर्मिएबिलिटी म्हणजे पोरोसिटी गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले 8. पोरोसिटी 20 टक्केच ठेवा. त्रिज्या 10 मायक्रॉन असेल तर साधारण 2.5 डार्सी (पर्मिएबिलिटीचं एकक; 1 डार्सी म्हणजे 1000 मिलिडार्सी), 1 मायक्रॉन असेल तर 25 मिलिडार्सी, 0.1 मायक्रॉनला जेमतेम पाव मिलिडार्सी. खऱ्या खडकातल्या वाटा वेड्यावाकड्या, त्यामुळे तिथे याहूनही कमीच. आपल्या घाटातला जाळीदार काळा दगड बघा: भोकं भरपूर, पण बरीचशी एकमेकांना न जोडलेली, कित्येक तर झिओलाइटने बुजलेली.

मुंबई हायचा दाखला तुम्हीच दिलात, पण तिथला मुख्य साठा चुनखडीत आहे आणि चुनखडीतच हा घोळ जास्त. शंखशिंपले विरघळून पडलेल्या सुट्या पोकळ्या डेन्सिटी-न्यूट्रॉन लॉग (किरणोत्सारी स्रोत वापरणारा) मोजतो. सॉनिक लॉग (ध्वनीने मोजणारा) त्या बहुतांशी चुकवतो, कारण ध्वनिलहर त्यांना वळसा घालून भरीव भागातून आधी पोचते. दोन्हींत तफावत दिसली की पोकळ्या आहेत एवढं कळतं. त्या जोडलेल्या आहेत का, हे कोअर (विहिरीतून कापून आणलेला खडकाचा नमुना) आणि वेल टेस्ट (विहीर चालवून-थांबवून दाब मोजणं) यांनीच कळायचं. शिवाय तिथला एल-3 हा साठा सलग नाही, चुनखडीच्या पट्ट्यांच्या मधे शेलचे (चिकणमातीच्या घट्ट खडकाचे) थर आहेत. अशा ठिकाणी सरासरी पोरोसिटी फसवी: तेल ढकलायला सोडलेलं इंजेक्शनचं पाणी सगळ्यात मोकळ्या पट्टीतून पुढे पळतं आणि शेजारच्या घट्ट पट्टीतलं तेल जागच्या जागी राहतं.

आता ड्रिलिंगवाले. मड फिल्ट्रेट (ड्रिलिंगच्या चिखलातून झिरपलेलं पाणी) आणि बारीक कण भोवतालच्या खडकात घुसून गळे तुंबवतात; त्या अडथळ्याच्या आकड्यालाच स्किन म्हणतात. हिशोब करून बघा. थर 30 फूट, 10 मिलिडार्सी. दाबातला फरक 1000 पीएसआय. तेलाची व्हिस्कॉसिटी 1 सेंटिपॉइज, व्हॉल्यूम फॅक्टर (जमिनीखालचं आणि वर आल्यावरचं तेलाचं आकारमान यांचं गुणोत्तर) 1.3; ड्रेनेज त्रिज्या (विहीर जिथवरचं तेल ओढते ते अंतर) 1000 फूट. स्किन शून्य असताना दिवसाला साधारण 200 बॅरल. स्किन 8 झाली की निम्मे, 100. पण तोच थर 1 मिलिडार्सीचा असेल तर स्किन शून्य असूनही 20! तिथे कोणाला दोष देणार?

स्किनवर चुनखडीत उपाय 15 टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. 1 घनमीटर अ‍ॅसिड साधारण 220 किलो चुनखडी विरघळवतं. मात्र डायव्हर्टर (अ‍ॅसिडला घट्ट पट्टीकडे वळवणारा पदार्थ) वापरला नाही तर ते आधीच मोकळ्या असलेल्या पट्टीत शिरतं आणि तुंबलेली पट्टी तशीच राहते. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड वालुकाश्मासाठी ठीक; चुनखडीत त्याने कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसून उलट नुकसान होतं.

म्हणून कोणाकडे बोट दाखवण्याआधी विहीर बंद ठेवून दाब कसा वाढतो ते मोजणारी बिल्ड-अप टेस्ट मागा. पर्मिएबिलिटी आणि स्किन तीतून वेगवेगळ्या निघतात. गॅसच्या विहिरीला तुमचं म्हणणं थोडं जास्त लागू पडेल: गॅसची व्हिस्कॉसिटी 0.02 सेंटिपॉइजच्या आसपास, त्यामुळे 1 मिलिडार्सीचा थरही तिथे चालून जातो. गळ्यांत पाणी अडकून बसलं नसेल तर.