काकांची दक्षिण दिशा

रात्री साडेदहाला आमच्या भाड्याच्या आरव्हीच्या, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या घरगाडीच्या दारावर थाप पडली. मला वाटलं पोलीस, नवऱ्याला वाटलं सिक्युरिटी. उघडलं तर हाफ पँट, सपाता, काखेत पांढरं कुत्रं आणि कपाळावर हेडलॅम्प अशा थाटात एक काका उभे. तो हेडलॅम्प त्यांनी शेवटपर्यंत बंद केला नाही, थेट माझ्या डोळ्यात.

"तुमची गाडी माझ्या दक्षिणेला आहे."

अ‍ॅरिझोनातलं हायवेला लागून असलेलं एका दुकानाचं पार्किंग, एवढं मोठं आणि सगळं रिकामं. रात्रभर थांबू का असं आत जाऊन मॅनेजरबाईंना रीतसर विचारून आलो होतो, म्हणजे फुकटे असलो तरी परवानगीवाले. पण काकांच्या गाडीच्या टपावर टीव्हीची डिश, तिचा सॅटेलाइट दक्षिणेला, आणि त्यांची मॅच दिसेना. आमचे हे इंजिनिअर, गप्प कसले बसतायत. सॅटेलाइट विषुववृत्तावर असतो, इथून क्षितिजापासून चांगला पंचेचाळीस-पन्नास अंश वर, आमचं टप मध्ये येणंच शक्य नाही असं हातवारे करून सांगितलं. काकांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही यायच्या आधी दिसत होतं."

यावर काय बोलणार?

मग लेक्चर. तुम्ही भाड्याच्या गाडीवाले येता, खुर्च्या काढून बसता, कचरा करता, म्हणून फुकट पार्किंगं बंद व्हायला लागलीत. हे बोलत होते तेव्हा त्यांच्या मागे सतरंजी, दोन खुर्च्या, शेगडी, दिव्यांची माळ आणि तासन् तास घरघरणारा जनरेटर. आमच्या जनरेटरचं भाडं तासावर, त्यामुळे आम्ही टॉर्च लावून ब्रेड खात होतो, आणि पसारा म्हणे आमचा!

फुकट जागा नाहीत असं नाही हो. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकन सरकारच्या जमीन खात्याकडे जवळजवळ साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, बहुतेक इकडे पश्चिमेलाच, आणि तिच्यावर बऱ्याच ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं. फक्त तिथे कच्च्या रस्त्याने जावं लागतं, आणि आमच्या भाडेकरारात कच्चा रस्ता ठळक अक्षरात मना. रेस्ट एरियाचं, म्हणजे हायवेवरच्या सरकारी विश्रांती थांब्यांचं, तर प्रत्येक राज्याचं वेगळं, टेक्सासात २४ तास थांबा, कॅलिफोर्नियात ८ तासांत चालू पडा, शिवाय शेजारी रेफ्रिजरेटरवाला ट्रक आला की रात्रभर गाडीचे पत्रे थरथरतात. पैसे देऊन आरव्ही पार्कात जावं तर काही ठिकाणी दहा वर्षांहून जुनी गाडी आतच घेत नाहीत. गाडी घर म्हणून चालते, फक्त तिनं म्हातारं व्हायचं नाही. एवढाल्या मोठ्या देशात एक गाडी रात्रभर उभी करायला एवढी मारामार, खरंच संताप येतो.

असो. गाडी हलवली. काका डिश बघून आले, "अजून थोडी." परत हलवली. "अजून." प्रत्येक वेळी गाडी सपाट राहावी म्हणून चाकांखाली लावलेले लेव्हलचे ठोकळे काढा, सिंकमधली भांडी धरा, पुन्हा ठोकळे लावा, नाहीतर झोपेत डोकं खाली पाय वर. हे सगळं हेडलॅम्पच्या उजेडात, कुत्रं काखेतून भुंकतंय. सिग्नल काही आला नाही. शेवटी काकांनीच बोटाने लांबचा दिव्याचा खांब दाखवला, तिथे लावा म्हणे, छान जागा आहे.

पहाटे चारला पार्किंग झाडणारी गाडी आली. ब्रश फिरवत, पिवळा दिवा मारत, रिव्हर्सला पीं पीं करत ती आमच्याच भोवती घिरट्या घालत राहिली, कारण पार्किंगमधला सगळा पालापाचोळा आणि कागद वाऱ्याने त्या खांबापाशीच जमतात.

सकाळी निघताना काका कॉफीचा मग घेऊन आले, हेडलॅम्प अजून कपाळावर. म्हणाले, "त्या खांबापाशी झोप नाही लागत ना? म्हणून तर मी इकडे लावतो."