तिसरं भोक शोभेचं

"काही होत नाही." हे तीन शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारले त्याला मला एकदा भेटायचंय. नायलॉनचे मोजे घालून, गालिच्यावर पाय घासत घासत जायचंय आणि त्याच्या नाकाच्या शेंड्याला हळूच बोट लावायचंय.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेली की इंदुरात ती कोरडी हवा सुरू होते. ओठ फुटतात, केस कंगव्यामागे धावतात, गाडीच्या दाराला हात लावला की चट्कन बसतो. कूलर अजून गच्चीवर ताडपत्रीखाली, म्हणजे घरातही हवेला ओल नाही. नेमका त्याच दिवसांत मी नवा कॉम्प्युटर जुळवायला घेतला. व्हिडिओ एडिटिंग हे माझं पोटापाण्याचं काम आणि जुनं मशीन चार मिनिटांच्या क्लिपला चाळीस मिनिटं खात होतं.

सुटे भाग घेतले ते दुकान म्हणजे एक नमुना. पोरगा प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठला, अंगात पॉलिएस्टरचा टी-शर्ट. काउंटरवर थर्माकोलचा पत्रा पडला होता, त्यावर त्याने माझा मदरबोर्ड ठेवला. थर्माकोलवर! ज्याचे दाणे हाताला चिकटले की झटकून जात नाहीत, त्याच थर्माकोलवर! मग पाकिटातून रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढली, ती पण सोनेरी दातांना धरून, आणि खिशातून खोडरबर काढून घासायला लागला. "कॉन्टैक्ट साफ हो जाता है, मैडम." अरे, आत्ता सील तोडलंस ना तू? नव्या कोऱ्या रॅमवर काय साफ करून राहिलायस? दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की चार्ज तयार होतो हे शाळेत फुगा केसांवर घासून शिकवतात. आणि हा रबर घासतोय, तेही चिपपासून बोटभर अंतरावर.

मी म्हटलं, भैया, स्टॅटिक, म्हणजे घासून साठलेली वीज, बसेल. तो हसला. "कुछ नी होता मैडम. पंद्रह साल से कर रिया हूँ."

होतं! फक्त तुला कळत नाही. स्टॅटिकचा चटका माणसाला जाणवायलाच साधारण ३,००० व्होल्ट लागतात. त्याखालचं काही बोटाला समजतच नाही, आणि काही चिप्सना १०० व्होल्टही पुरे होतात. म्हणजे तुला चटका बसला नाही यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. चोर चप्पल हातात घेऊन आला म्हणून चोरी झाली नाही असं होतं का? कोरड्या हवेत गालिच्यावरून नुसतं चाललं तरी अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत साठू शकतात. तेच पावसाळी, दमट हवेत १,५००च्या आसपास. म्हणून जुलैत चालून जाणारी बेफिकिरी मार्चमध्ये महागात पडते.

आणि पार्ट जागच्या जागी मेला तर परवडला, तिथेच काउंटरवर भांडता येतं. पण बऱ्याचदा तो नुसता जखमी होतो. घरी येतो, महिनाभर पाहुणचार घेतो आणि ऐन डिलिव्हरीच्या रात्री मान टाकतो. तेव्हा ‘पंधरा वर्षांत काही झालं नाही’ याचा अर्थ एवढाच, की जे झालं ते गिऱ्हाइकाच्या घरी झालं.

माझ्या घरी पाच आठवड्यांनी झालं. आधी दिवसातून एकदा मशीन कोसळून निळा स्क्रीन, मग तासातून एकदा. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावून ठेवला, सकाळी लालच लाल ओळी. रॅम घेऊन दुकानात गेले, तर तोच पोरगा, तेच हसू. "आपके यहाँ लाइट का प्रॉब्लम होगा." आता सिद्ध काय करणार? चिपच्या आतला तो डाग मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही. रॅम त्याच्या थर्माकोलने मेली की मुळातच खराब होती, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. ह्याचाच तर संताप आहे.

त्याहून मोठा संताप कशाचा सांगू? लाइटबद्दल तो बरोबर निघाला.

दुसरी रॅम आणली तेव्हा ठरवलं, आता सगळं घरी, आपल्या हाताने, शास्त्रशुद्ध. मनगटाला बांधायचा, अंगावरचा चार्ज उतरवायचा पट्टा आणला, वायरवाला. (बिनवायरीचा पट्टाही विकतात लोक! चार्ज वायरीतून जायचा असतो बाबांनो, तो काय प्रार्थना करून जाणार आहे?) पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावायची, कारण रंगावर लावली तर संपर्क होत नाही. पॉवर सप्लायचं बटण बंद पण वायर भिंतीत, म्हणजे कॅबिनेट तिसऱ्या पिनेतून जमिनीशी जोडलेला राहतो. पुस्तकी पद्धत. मशीन उघडण्याआधी सहज उलट्या हाताने मागचा स्क्रू घासला गेला आणि झिणझिणलं. परत लावला, परत झिणझिण.

आता हे स्टॅटिक नव्हे. स्टॅटिक एकदा चट् करतं आणि संपतं, हे चालूच राहतं. पॉवर सप्लायच्या आत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्हीकडून पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, विजेतल्या नकोशा लहरी जमिनीत सोडायला. जमीनच नसली की पत्रा मधल्यामध्ये लटकतो, २३०च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, माणूस मरत नाही. पण हे झिणझिणणं म्हणजे घर ओरडून सांगतंय की अर्थिंग नाही. आणि आपण काय करतो? "कॅबिनेटला हात लावू नकोस गं, जरा करंट मारतो," असं पाहुण्यांना सांगतो. जसं काही कुत्रा आहे, ओळख झाली की चावायचा नाही.

घरमालक काकांकडे गेले. रामबागेतलं जुनं घर, काका सत्तरीचे. म्हणाले, "अगं, रबरी चप्पल घालून बस की. चाळीस वर्षं राहतोय, काही होत नाही." पुन्हा तेच तीन शब्द! रबरी चप्पल माणूस वाचवायला ठीक आहे काका, पण तीच घातली की अंगावरचा सगळा चार्ज अंगावरच राहतो आणि थेट रॅमला प्रसाद मिळतो.

फार मागे लागल्यावर काकांनी वायरमन पाठवला. त्याने होल्डरला लावलेला बल्ब आणला, एक वायर फेजला, एक तिसऱ्या भोकात. बल्ब नाही पेटला. "दस मिनट दो, मैडम." मी चहा टाकायला गेले. परत आले तर बल्ब लख्ख! तीनशे रुपये घेऊन गेला. झिणझिण्याही गायब. मी खूश.

पण मनात पाल चुकचुकली. दहा मिनिटांत जमिनीत पट्टी कशी गाडली ह्याने? मल्टिमीटर लावला, मिक्सर चालू असताना. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये थोडाफार फरक दिसायला हवा, इथे चक्क शून्य. मेन स्विच पाडून बोर्ड उघडला. आत बोटभर वायर, न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थिंगच्या स्क्रूवर. बस. एवढंच त्याचं अर्थिंग!

बल्ब पेटणारच की! आणि उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर त्याच वायरीतून २३० व्होल्ट सरळ माझ्या कॅबिनेटवर, वॉशिंग मशीनवर, फ्रिजच्या दारावर. मी मनगट त्याच पत्र्याला बांधून बसणार होते! पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध असतो, त्यातून ०.२३ मिलिअॅम्पच्या वर काही गेलं नसतं, म्हणजे पट्टा बनवणाऱ्याने माझा जीव वाचवला असता, तीनशे रुपये घेणाऱ्याने नाही. पण दुसरा हात उघड्या पत्र्यावर असता तर? फोन केला तर म्हणतो, "सब जगह ऐसे ही चलता है, मैडम." सब जगह! म्हणजे ही बोटभर वायर गल्लीत अजून किती बोर्डांत लपलीय देव जाणे.

वायर काढून फेकली. रॅम शेवटी बसवली ती प्लग भिंतीतून पूर्ण उपटून. पट्टा कॅबिनेटला, अंगात सुती कुडता, फरशीवर ओला पोछा, बोर्ड त्याच्याच खोक्यावर, रॅम कडांना धरून. जमिनीशी नातं नसलं तरी मी आणि पत्रा एका पातळीवर असलो की चिपला मधे मरायचं कारण नाही. तीन महिने झाले, एक निळा स्क्रीन नाही. झिणझिण्या मात्र परत आल्यात.

मग खरं अर्थिंग कुठे आहे? आहे! काकांनीच सांगितलं, वडिलांनी घर बांधलं तेव्हा अंगणात खड्डा केला होता, कोळसा, मीठ, पाइप, सगळं रीतसर. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घालायचे. आपली ही काळी माती, ‘पग पग नीर’वाला, म्हणजे पावलोपावली पाणी असलेला, मालवा म्हणतात, पण एप्रिल आला की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपाला सोडून देते. पाणी घालणं कधी बंद झालं, काकांना आठवत नाही.

"खड्डा दाखवा ना, काका."

काकांनी स्कूटर उभी असते तिथे बोट दाखवलं. खाली लाल-करड्या टाइल्स, चकाचक, भिंतीपासून फाटकापर्यंत.

"तेवढ्या दोन-तीन टाइल्स काढल्या तर..."

"अगं, सहा महिने झाले नाहीत बसवून!"