खोकून थांबलेलं हृदय चालू होत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या आजोळच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. तुम्हीही वाचला असेल. संध्याकाळचे सव्वासहा वाजलेत, तुम्ही दमूनभागून एकटेच गाडी चालवत घरी निघालात. छातीत कळ येते, हातात आणि जबड्यात उतरते. हॉस्पिटल जवळ आहे, पण तिथवर पोचाल याची खात्री नाही. मग म्हणे दर दोन सेकंदांनी खोल श्वास घ्यायचा आणि कफ काढताना खोकतो तसं जोरात खोकत राहायचं. खोकल्याने हृदय दाबलं जातं, रक्त फिरत राहतं, ठोके पूर्ववत होतात. शेवटी ‘दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल.’ इंग्रजीत हा मजकूर १९९९ पासून फिरतोय. पाठवणाऱ्यांच्या मनात आपल्या माणसांची काळजीच असते, म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊन उत्तर देते.

पहिलं विधान : ‘अटॅक आला की शुद्ध हरपायला १० सेकंद उरतात.’ सगळा घोटाळा इथेच आहे. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. तेव्हा छाती दुखते, घाम फुटतो, जीव घाबरतो, पण बहुतेक वेळा हृदय धडधडत असतं आणि माणूस बोलत असतो. अशा माणसाला खोकायची काहीच गरज नाही, त्याचं रक्त फिरतंच आहे. त्याला हवी आहे ती तुंबलेली वाहिनी मोकळी करणारी उपचारांची घाई. हृदयक्रिया बंद पडणं, म्हणजे कार्डिअ‍ॅक अरेस्ट, ही वेगळी गोष्ट. ती अटॅकमुळे होऊ शकते, इतर कारणांनीही होते. त्यात हृदय रक्त ढकलायचंच थांबतं आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. बेशुद्ध माणूस खोकणार कसा? म्हणजे ज्याला खोकता येतं त्याला त्याचा उपयोग नाही, आणि ज्याचं हृदय थांबलंय त्याला खोकता येत नाही.

दुसरं : ‘खोकल्याने हृदय दाबलं जातं.’ हे हवेतून आलेलं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या क्रायली नावाच्या हृदयतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले होते. अँजिओग्राफी चालू असताना त्यांच्या हृदयाची लय बिघडली, डॉक्टरांनी लगेच ‘खोका’ म्हणून सांगितलं आणि ते अर्ध्या मिनिटाच्या आसपास शुद्धीत राहिले. पण ते टेबलावर झोपलेले होते, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हृदयाची लय दाखवणारा मॉनिटर होता आणि शॉक देणारं यंत्र हाताशी होतं. खोकल्याने मिळाले ते शॉक देईपर्यंतचे काही क्षण. हायवेवरच्या गाडीत यातलं काय असतं? सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचे, नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२१ मध्ये हा पुरावा पुन्हा तपासला आणि हृदयक्रिया बंद पडल्यावर खोकण्याचा उपाय करू नये असं सांगितलं. अपवाद ठेवला तो रुग्णालयात, मॉनिटरवर असलेल्या रुग्णाचा.

तिसरं : ‘ही माहिती रोचेस्टर जनरल हॉस्पिटलची आहे.’ अमेरिकेतल्या त्या हॉस्पिटलने हे केव्हाच नाकारलंय. एवढंच.

चौथं विधान मला सगळ्यात जास्त खटकतं. मेसेज म्हणतो, तुम्ही सीपीआर शिकला असाल, पण तो स्वतःला कसा द्यायचा हे शिकवणाऱ्याने सांगितलं नसेल. नाहीच सांगितलं, कारण तो स्वतःला देताच येत नाही. आणि मदतीसाठी फोन करायचा तो या मेसेजमध्ये सगळ्यात शेवटी, खोकता खोकता. खरा क्रम उलटा आहे. एकटे असताना छातीत अशी कळ आली तर गाडी बाजूला घ्या, पुढे चालवू नका. आधी १०८ किंवा ११२ ला फोन करा. घरी असाल तर दाराची कडी काढून ठेवा, म्हणजे येणाऱ्याला दार फोडावं लागणार नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर फोनवर विचारून गोळी चावून खा.

हृदय थांबलं तर मात्र सगळं शेजारच्या माणसाच्या हातात असतं. सीपीआर मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि रुग्णवाहिका मिनिटाभरात येत नसते. खांदे हलवून हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा श्वास येतोय, तर हृदय थांबलंय असं समजा. हे आचके फार फसवतात. ‘श्वास चालू आहे की’ म्हणत लोक पाणी पाजत बसतात, कांदा हुंगवतात, तळपाय चोळतात आणि मोलाची मिनिटं जातात. कुणाला तरी फोन करायला सांगा, स्पीकरवर ठेवा. तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. वेग मिनिटाला १०० ते १२०. तोंडाने श्वास देणं शिकलेलं नसेल तर नुसतं दाबत राहा. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य लोकांना शिकवली जाणारी ‘कोल्स’ (COLS) पद्धत नेमकी हीच आहे, फक्त छातीवर दाब. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना मात्र श्वासही लागतो, म्हणून तोही शिकून घ्यावा.

मी पुतळ्यावर शिकले तेव्हा पहिल्याच मिनिटात खांदे भरून आले. वाटतं त्यापेक्षा कितीतरी जोर लागतो. म्हणून दोघं-तिघं असाल तर दर दोन मिनिटांनी माणूस बदला. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे, कधीकधी मोडतेही. मोडलेली बरगडी जुळून येते. न दाबल्यास मात्र तो माणूस हातचा जातो.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर मावशीने विचारलं, “अगं, पण हे पलंगावरच करता येईल ना? तुझ्या काकांना मी उचलू कशी?” नाही गं मावशी, गादी खाली दबते आणि छाती पुरेशी दबत नाही. उचलू नकोस. चादरीसकट ओढ, डोकं सांभाळून खाली जमिनीवर घे आणि लगेच दाबायला लाग. रविवारी मी येते, उशीवर तुझ्याकडून करून घेते.